फायलींबरोबर गेलेली माणसे

गोमंतकीय माणूस स्थलांतराविषयी बोलू लागला की त्याच्या डोळ्यांसमोर आधी समुद्र येतो. मुंबईच्या धोबीतलावावरचे कूड, कराची, मोम्बासा, नैरोबी, पुढे कुवेत, बहारीन, दुबई, आणि अलीकडे पोर्तुगीज पासपोर्टावर गाठलेले इंग्लंडातले स्विंडन. आगबोट तरी हवी, नाहीतर विमान तरी! कोरड्या जमिनीवरून, घोड्यावर बसून किंवा आगगाडीच्या तिसऱ्या वर्गातून जे गेले, त्यांची कथा आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. वास्तविक आपल्या केरीचा जिवबादादा केरकर उत्तरेत गेला, महादजी शिंद्यांच्या पदरी बक्षी झाला आणि १७९५ साली खर्ड्याच्या लढाईत शिंद्यांच्या फौजेचे नेतृत्व त्याने केले. त्याच्या मागोमाग कितीतरी सारस्वत घराणी माळव्यात आणि ग्वाल्हेरीत रुजली. त्यांची आडनावे आजही ऐकली की पेडणे-बारदेशातले गाव आठवते. पण ती माणसे आता आपली राहिली नाहीत, आणि आपण ती आपली आहेत असे म्हणत नाही.

आज लिहायचे आहे ते भोपाळविषयी. भोपाळ आणि मराठी माणूस यांचा संबंध जुना, आणि सुरुवातीला तरी तो मुळीच प्रेमाचा नव्हता. डिसेंबर १७३७ मध्ये थोरल्या बाजीरावाने निजामाला भोपाळपाशी कोंडले, आणि जानेवारी १७३८ मध्ये दोराहा सराईला तह होऊन माळवा मराठ्यांकडे आला. पुढे १८१२-१३ मध्ये नागपूरकर भोसले आणि शिंदे यांच्या फौजांनी भोपाळला वेढा घातला. तो महिनोन् महिने चालला, पण वजीर मुहम्मद खानाने शहर दिले नाही. भोपाळची जुनी माणसे तो वेढा अजून विसरलेली नाहीत असे म्हणतात. नागपूरची माणसे मात्र तो साफ विसरली. कारण त्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षांनी ती पुन्हा भोपाळला गेली तेव्हा त्यांच्या हातात भाले नव्हते. फायली होत्या.

हे घडले १ नोव्हेंबर १९५६ रोजी. राज्य पुनर्रचनेचा हा दिवस आपल्या गोव्यात फारसा जाणवला नाही, कारण आपण तेव्हा पोर्तुगालच्या नकाशात होतो. पण नागपूरच्या दृष्टीने तो फार मोठा दिवस. तोवर नागपूर ही जुन्या मध्य प्रदेशाची, म्हणजे मध्य प्रांत आणि वऱ्हाडाची राजधानी होती. सचिवालय तिथे, उच्च न्यायालय तिथे, विधानसभा तिथे. हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषांना राजभाषेचा दर्जा होता. त्या दिवशी विदर्भाचे आठ मराठी जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले. उरलेला महाकोशल, मध्य भारत, विंध्य प्रदेश आणि भोपाळ संस्थानाचा प्रदेश असे सारे एकत्र करून नवा मध्य प्रदेश बनवला गेला. राजधानी भोपाळ.

इथे एक तपशील सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. फाजल अली आयोगाचा अहवाल १९५५ च्या सप्टेंबरअखेर आला तेव्हा त्यात विदर्भाचे वेगळे राज्य सुचवले होते, आणि नव्या मध्य प्रदेशाची राजधानी म्हणून जबलपूरचे नाव होते. म्हणजे नागपूरच्या सचिवालयातल्या एखाद्या कारकुनाने त्या दिवाळीत वर्तमानपत्र वाचून घरी सांगितले असेल, “काळजी करू नका, नागपूर राजधानीच राहणार.” वर्षभरात सगळे उलटे झाले. विदर्भ राज्य झाले नाही, जबलपूर राजधानी झाली नाही, नागपूर राजधानी राहिली नाही. जबलपूरची समजूत उच्च न्यायालय आणि वीज मंडळ देऊन काढली. ग्वाल्हेरला महसूल मंडळ आणि महालेखापालाचे कार्यालय मिळाले, इंदूरला लोकसेवा आयोग. एखाद्या एकत्र कुटुंबात वाटण्या होताना तांब्याचा हंडा एकाला आणि पाट-रवी दुसऱ्याला जावी तसे हे झाले. आणि ज्या कारकुनाची खुर्ची ज्या हंड्याला बांधलेली, तो त्या हंड्याबरोबर गेला.

सरकारी नोकरांचे काय करायचे हे राज्य पुनर्रचना कायद्याच्या ११५व्या कलमात लिहिलेले आहे. कोण कुठल्या राज्यात जाणार हे अखेर केंद्र सरकार ठरवणार. आणि त्याच कलमात एक आश्वासन होते: नेमणुकीआधी लागू असलेल्या सेवाशर्ती, केंद्राची पूर्वपरवानगी घेतल्याखेरीज, नोकराच्या तोट्याच्या होतील अशा बदलायच्या नाहीत. कागदावर हे उत्तम. परंतु पगार कमी करायचा नाही म्हणजे बढती मिळेल असे नव्हे. चार वेगवेगळ्या राज्यांतून आलेली माणसे एका ओळीत बसवायची तर पहिला कोण आणि पन्नासावा कोण? नागपूरच्या वरिष्ठ लिपिकाने ग्वाल्हेरच्या कुठल्या पदाशी बरोबरी सांगायची? संस्थानी कारभारातले ‘अहलकार’ आणि ब्रिटिशी कारभारातले ‘क्लार्क’ यांची सोयरीक कशी जुळवायची? ज्येष्ठतेच्या याद्या निघाल्या, त्यांवर हरकती आल्या, पुन्हा याद्या निघाल्या. मध्य प्रदेशातल्या अभियंत्यांच्या यादीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि त्याचा निकाल १९६७ मध्ये लागला. म्हणजे राज्य होऊन अकरा वर्षे! तोवर कितीतरी जण निवृत्तीला टेकले होते.

माझ्या थोरल्या वहिनीचे माहेर नागपूरचे. तिचे काका या प्रवाहातून भोपाळला गेले. वहिनीचे काका म्हणून आमचेही काका. २००७ साली मी त्यांच्याकडे आठ दिवस राहिलो, तेव्हा ते त्र्याहत्तर वर्षांचे होते आणि स्मरणशक्ती अशी की १९५६ च्या नोव्हेंबरात नागपूरहून निघताना बरोबरच्या लोखंडी पेटीत काय काय होते ते एका दमात सांगत. दोन सतरंज्या, एक कंदील, आईने दिलेले सांडगे, आणि कार्यालयाचा शिक्का असलेली एक शाईची दौत, जी परत करायची राहून गेली. वय बावीस. नोकरीला तीन वर्षे झालेली. त्या पिढीच्या माणसाला नोकरी सुटणे म्हणजे काय वाटे ते आज समजावून सांगणे कठीण आहे. राज्य बदलले तरी चालेल, भाषा बदलली तरी चालेल, पण मस्टरवरचे नाव टिकले पाहिजे.

काका कुठल्या खात्यात होते ते लिहीत नाही. त्यांचा राग ज्येष्ठतेच्या यादीवर होता आणि तो त्यांच्याबरोबरच गेला. एवढेच सांगतो, की नागपुरात ज्याला त्यांनी काम शिकवले तो भोपाळात त्यांचा साहेब झाला. “अरे, पगार एक पैसा कमी नाही झाला,” ते म्हणत, “पण खुर्ची चार हात मागे सरकली.” हे सांगताना ते हसत, आणि काकू आत निघून जात.

तेव्हाचे भोपाळ लहान होते. १९५१ च्या जनगणनेत लाखभर वस्ती. ते जिल्ह्याचे ठिकाणसुद्धा नव्हते, सिहोर जिल्ह्यात मोडत होते, आणि भोपाळ जिल्हा झाला तो थेट १९७२ मध्ये! विधानसभा नवाबी काळातल्या मिंटो हॉलमध्ये भरू लागली, कार्यालये मिळेल त्या जुन्या इमारतींतून आणि बराकींतून थाटली गेली. राहायला जागा नाही. एकेका खोलीत चार-चार लिपिक, एक जण स्वयंपाक करणार, एक पाणी भरणार. काकांनी हे वर्णन केले तेव्हा मला धोबीतलावचा आमच्या लोकांचा कूड आठवला. फरक इतकाच की कुडाच्या भिंतीवर गावच्या सायबाची तसबीर असते, यांच्या भिंतीवर पंचांग होते. मग राजधानी प्रकल्पाचे क्वार्टर उभे राहिले आणि वसाहतीला नाव मिळाले तात्या टोपे नगर. येवल्यात जन्मलेल्या माणसाचे नाव भोपाळच्या कारकुनी वसाहतीला! लोक त्याला टी. टी. नगर म्हणतात. त्यातला टोपे किती जणांना आठवतो कोण जाणे.

याच सुमारास शहराच्या पूर्वेला दुसरेच एक भोपाळ उभे राहत होते. ऑगस्ट १९५६ मध्ये हेवी इलेक्ट्रिकल्स ही सरकारी कंपनी नोंदली गेली. ब्रिटनच्या असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीज या कंपनीशी तांत्रिक करार झाला होता. ६ नोव्हेंबर १९६० रोजी नेहरूंच्या हस्ते कारखान्याचे उद्घाटन झाले. पिपलानी, बरखेडा, गोविंदपुरा अशा नगरी वसल्या. १९७४ मध्ये ही कंपनी ‘भारत हेवी इलेक्ट्रिकल्स’मध्ये विलीन झाली, आणि लोक तिला ‘भेल’ म्हणू लागले. (काकूंच्या नागपूरच्या भाच्याने पहिल्यांदा “काका भेलमध्ये आहेत” हे ऐकले तेव्हा त्याला चौपाटीवरची गाडी आठवली होती म्हणे.) तिथे केरळ, बंगाल, पंजाब, तामिळनाडू, महाराष्ट्र अशा सगळ्या बाजूंनी माणसे आली. सचिवालयात फायलीबरोबर माणूस आला होता, इथे माणूस यंत्राबरोबर आला. १९५१ मध्ये लाखभर असलेली भोपाळची वस्ती १९६१ मध्ये सव्वादोन लाखांच्या आसपास, १९७१ मध्ये पावणेचार लाखांवर आणि १९८१ मध्ये पावणेसात लाखांच्या जवळ गेली. इतक्या वेगाने वाढलेल्या शहरात बहुतेक सगळेच ‘बाहेरचे’ असतात, आणि म्हणून कदाचित तिथे ‘बाहेरचा’ हा शब्द आपल्याकडच्यासारखा टोचत नाही. शहराच्या पश्चिमेला बैरागढला तर सिंधी निर्वासित होते. महायुद्धात जिथे इटालियन युद्धकैदी ठेवले होते, त्याच छावणीच्या जागेवर फाळणीनंतर त्यांचे संसार सुरू झाले.

कारखान्याचा क्वार्टर काय किंवा सचिवालयाचा काय, दोघांनाही तेव्हा एक तारीख चिकटलेली असे. अठ्ठावन्न वर्षे पूर्ण झाली की किल्ली परत. स्थलांतरिताचा खरा बेत काय आहे हे त्याच्या बोलण्यावरून कधी कळत नाही, ते या किल्लीच्या तारखेआधी पाच-दहा वर्षे तो काय करतो त्यावरून कळते. तो गावाकडे घराचे छप्पर बदलतो, की असलेल्या ठिकाणी प्लॉट पाहतो?

काकांचे तीन बेत होते, एकामागून एक. पहिला बेत तीन वर्षांचा. तीन वर्षे भोपाळात काढायची, मग खटपट करून नागपूरला बदली. पण नागपूर आता दुसऱ्या राज्यात होते. एका राज्याच्या नोकराची दुसऱ्या राज्यात बदली होत नसते, हे साधे सत्य पचायला त्यांना दोन वर्षे लागली. दुसरा बेत निवृत्तीनंतरचा. नागपूरच्या महालातल्या वडिलोपार्जित वाड्यात त्यांच्या वाट्याला दोन खोल्या येणार होत्या, तिथे जाऊन राहायचे. तिसरा बेत त्यांनी कोणाला न सांगता केला. १९७१ साली, अशोका गार्डनमध्ये.

अशोका गार्डन हे भोपाळच्या रेल्वे स्टेशनाच्या पूर्वेला. इकडे स्टेशन आणि तिकडे गोविंदपुऱ्याची कारखान्याची बाजू, या दोहोंच्या मध्ये. मी गेलो तेव्हा नावाप्रमाणे बाग शोधली. मला दिसली ती दाटीवाटीने उभी राहिलेली दुमजली-तिमजली घरे, किराणा, शिकवणी वर्गांचे फलक, स्कूटर दुरुस्तीची दुकाने. जवळच पंजाबी बाग नावाची वस्ती आहे. (बागेचे नाव आणि स्थलांतरितांची वस्ती यांचा काही योग असावा. कराचीत आपल्या सिंसिनातुस द’आब्रेव यांच्या नावाने गोंयकारांची जी सिंसिनातुस टाऊन वसली, तिचा भागही आज ‘गार्डन ईस्ट’ म्हणूनच ओळखला जातो.) काकांचे मित्र टी. टी. नगरच्या बाजूला, नव्या भोपाळात जागा बघत होते. त्यांनी इथे का घेतली? पैशाचे कारण होतेच, आणि धाकटा भाऊ पिपलानीला कारखान्यात होता हेही. पण काकूंनी मला खरे कारण सांगितले. “नागपूरची गाडी जवळ पडते म्हणून.” मद्रासकडे जाणारी ग्रँड ट्रंक एक्सप्रेस नागपूरवरून जाते. घर बांधले ते अशा ठिकाणी की पिशवी उचलली की वीस मिनिटांत फलाटावर. राहायचे इथे, पण दार तिकडच्या गाडीच्या जवळ उघडायचे. आमच्या आठ दिवसांत रात्री इंजिनाचा भोंगा ऐकू आला की काका गाडीचे नाव सांगत, आणि पुष्कळदा ते बरोबर असे.

आता काकूंविषयी. स्थलांतराचा इतिहास लिहिणारे सहसा पुरुषाच्या नोकरीचा हिशेब मांडतात. पण खरोखर घर रुजते ते दुसऱ्या नोकरीने. काकू मराठी माध्यमातून मॅट्रिक. भोपाळात मराठी शिकवायला कोण ठेवणार? त्यांना तारले ते वर्ध्याने! वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचार समितीच्या परीक्षा त्यांनी लग्नाआधी हौसेने दिल्या होत्या, ‘कोविद’पर्यंत. १९३६ मध्ये गांधीजींच्या प्रेरणेने सुरू झालेल्या या संस्थेच्या परीक्षांना आपल्याकडेही मुक्तीनंतर कितीतरी मंडळी बसली, बहुतेकांनी प्रमाणपत्र चौकटीत घालून भिंतीला लावले. काकूंनी त्या कागदावर एका खाजगी प्राथमिक शाळेत नोकरी मिळवली, पुढे शिकून कायम झाल्या, आणि तीस वर्षे मध्य प्रदेशच्या मुलांना हिंदी शिकवले. हिंदी मातृभाषा असलेल्या मुलांच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका नागपूरची बाई दुरुस्त करत होती. अशोका गार्डनच्या प्लॉटचे हप्ते या पगारातून गेले. काकांचा पगार ‘परत जाण्यासाठी’ होता, काकूंचा राहण्यासाठी. हे वाक्य त्यांचे नाही, माझे आहे. पण काकूंनी ते ऐकून नाकारले नाही.

मग परत जाण्याचे काय झाले? वाडा १९८० च्या दशकात विकला गेला, काकांच्या वाट्याला रक्कम आली. पण त्याआधीच निकाल लागला होता, आणि तो लावला थोरल्या मुलाच्या बारावीने. मुलाला नागपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात घालायचे होते. घराण्यात कोणी मध्य प्रदेशचा नाही, घरात मराठी, देव्हाऱ्यात तुळजापूरची भवानी. पण मुलगा भोपाळात जन्मला, शाळा तिथली, परीक्षा मंडळ तिथले. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे तो परप्रांतीय. अधिवासाचा दाखला हवा तर पंधरा वर्षांचे वास्तव्य हवे. इकडे मध्य प्रदेशात तो हक्काचा, तिथले महाविद्यालय मिळाले. ज्या कागदाने बापाची खुर्ची मागे सरकवली त्याच राज्याने मुलाला बाकावर बसवले, आणि ज्या प्रदेशाला बाप ‘आपला’ म्हणत होता त्याने मुलाला ओळखच दाखवली नाही. काकांनी त्यानंतर परत जाण्याविषयी बोलणे सोडले.

मी स्वतः विलीनीकरणवादी घरात वाढलो. आमच्याकडे १९६७ च्या जनमत कौलाची गोष्ट अजून हळव्या आवाजात सांगितली जाते. फूल आणि दोन पाने. १६ जानेवारीला मतदान झाले, विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि संघप्रदेशाच्या बाजूने १,७२,१९१ मते पडली. आपण त्याचे विश्लेषण नेहमी भाषेच्या आणि धर्माच्या अंगाने करतो. नोकरीच्या अंगाने क्वचितच. मुक्तीनंतर महाराष्ट्र-कर्नाटकातून प्रतिनियुक्तीवर आलेल्या अधिकाऱ्यांमुळे गोव्याचा नोकरदार आधीच बिथरलेला होता. पोर्तुगीज अमदानीतल्या नोकरांना भारतीय सेवेत सामावून घेण्यासाठी १९६५ मध्ये संसदेला खास कायदा करावा लागला होता. पोर्तुगीजमध्ये टिपण लिहिणारा माणूस इंग्रजीत लिहू लागायचा आणि त्याच्या बरोबरीचे पद कुठले हे दुसऱ्याने ठरवायचे, हा सगळा प्रकार भोपाळच्या यादीचाच सख्खा भाऊ. अशा माणसाला ‘उद्या पणजी राजधानी राहणार नाही’ हे सांगायला फार मोठ्या प्रचाराची गरज नव्हती. नागपूरचे काय झाले ते अवघ्या दहा वर्षांपूर्वी घडले होते. नागपूर करार झाला, वर्षातून एक अधिवेशन नागपुरात भरू लागले, पण सचिवालय काही परत आले नाही. भाऊसाहेब बांदोडकरांच्या सभांना गर्दी करणाऱ्या आमच्या वडीलधाऱ्यांनी अशोका गार्डनमधल्या एका कारकुनाशी तासभर गप्पा मारल्या असत्या, तर मत बदलले असते असे मी म्हणत नाही. पण दोन पानांवर शिक्का मारणारा प्रत्येक जण मराठीचा वैरी होता हे म्हणायला जीभ थोडी अडखळली असती.

आणि आज? गोव्यात सरकारी नोकरीसाठी पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो, कोकणीचे ज्ञान आवश्यक आणि मराठीचे इष्ट असे जाहिरातीत छापले जाते. त्या ‘इष्ट’ शब्दावर आपण मराठीवाल्यांनी किती शाई खर्च केली! तो राग मला समजतो. मात्र काकूंच्या कोविदच्या प्रमाणपत्राची गोष्ट ऐकल्यापासून मला वाटते, की ‘आवश्यक’ भाषा शिकून घेण्यात कमीपणा मानणारा माणूस अजून पोटापाण्यासाठी घराबाहेर पडलेला नसतो. झुआरीनगरला किंवा चिंबलच्या इंदिरानगरात दोन पिढ्या राहिलेल्या कानडी घरातली मुले कोकणी बोलतात, मराठी वाचतात, शाळेत इंग्रजी लिहितात. त्यांच्या वडिलांचा बेतही तीन वर्षांचाच होता.

आपले गोंयकार या बाबतीत निराळे. आपला माणूस जगात कुठेही गेला तरी पैसा गावात घरावर घालतो. आफ्रिकेत गेलेल्याने घातला, आखातात गेलेल्याने घातला. बार्देश-साष्टीत बंद घरांच्या रांगाच्या रांगा उभ्या आहेत, खिडक्यांच्या शिंपल्या निखळलेल्या, अंगणात तुळस किंवा खुरीस, आणि गेटाला कुलूप. आखातात नागरिकत्व मिळतच नाही, म्हणून तिथला बेत सरळ असतो: कमवा आणि परता. पोर्तुगीज पासपोर्टावर इंग्लंडात गेलेल्यांचा तसा नव्हता. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर तिथे राहत असलेल्यांना ३० जून २०२१ पर्यंत अर्ज करायला सांगितले गेले. पाच वर्षे सलग राहिलेल्याला कायम वास्तव्याचा हक्क, कमी राहिलेल्याला तात्पुरता. त्या एका तारखेने हजारो घरांना विचारले की तुमचा नेमका बेत काय? स्विंडनमधल्या माझ्या शाळासोबत्याने अर्ज केला, आणि त्याच महिन्यात गावच्या घरावर नवे मंगलोरी नळेही चढवले. दोन्हीकडे दार उघडे ठेवण्याची ही आपली जुनी युक्ती. काकांना ती परवडण्यासारखी नव्हती. नोकरदार मध्यमवर्गाला आयुष्यात एकदाच घर बांधता येते.

पत्त्याच्या कागदाची किंमत भोपाळला १९८४ नंतर फार कडवटपणे कळली. २-३ डिसेंबरच्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून वायू सुटला आणि तो आधी गरिबांच्या वस्त्यांवर आणि स्टेशनाच्या परिसरावर पसरला. मदत देताना शहराच्या ५६ प्रभागांपैकी ३६ प्रभाग वायुबाधित धरले गेले. त्या रात्री कोण कुठे होते हे कागदाने सिद्ध करायचे होते. ज्याच्या नावावर शिधापत्रिका होती त्याला ते निदान शक्य होते. झोपडीत भाड्याने राहणाऱ्या, महिन्यापूर्वी मजुरीला आलेल्या माणसाने काय दाखवायचे? काका त्या रात्रीविषयी कधीच बोलले नाहीत. काकू एवढेच म्हणाल्या, की सकाळी ओल्या टॉवेलांचा ढीग पडला होता आणि तो धुवायचे त्यांच्याच्याने झाले नाही, जाळून टाकला.

मराठी म्हणून या मंडळींचे काय उरले, हे विचारणे आपल्याला सुचणारच. मध्य प्रदेशात २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे १२ लाख होते. राज्य शासनाची मराठी साहित्य अकादमी भोपाळात आहे. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन १९६१ मध्ये ग्वाल्हेरला भरले तेव्हा कुसुमावती देशपांडे अध्यक्ष होत्या, संमेलनाच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष. आणि २००१ चे इंदूरचे संमेलन विजया राजाध्यक्षांचे. मिंटो हॉलला २०२१ मध्ये कुशाभाऊ ठाकरे यांचे नाव दिले गेले, म्हणजे जिथे नागपूरचे कारकून हिंदी कामकाजाच्या फायली घेऊन उभे राहत त्या सभागृहावर आता धारच्या एका मराठी माणसाचे नाव आहे. आणि जाता जाता गोव्याचीही हजेरी लावून घेतो: तलावाकाठचे भारत भवन (१९८२) आणि अरेरा टेकडीवरची नवी विधानसभा या दोन्ही वास्तू चार्ल्स कोरिया यांच्या. मांडवीकाठच्या आपल्या कला अकादमीचे वास्तुकारही तेच. भारत भवनाच्या पायऱ्यांवर संध्याकाळी बसलो तेव्हा मला पणजीत असल्यासारखे वाटले, ते काही उगाच नव्हे.

काकांच्या घरातली मराठी मात्र पाहण्यासारखी होती. काका-काकू नागपुरी बोलत, ‘करून राहिलो’, ‘जाऊन राहिलो’ असे. मुलगा मराठीत सुरुवात करी आणि क्रियापदापाशी हिंदीत उतरे. नातीला सगळे समजे, उत्तर ती हिंदीत देई. पण आजीला “आजी” म्हणे, “दादी” नाही. पुडाच्या वड्या करायला ती शिकली होती आणि त्यांना मात्र पुडाच्या वड्याच म्हणत होती. ती आता बंगळुरात एका संगणक कंपनीत आहे. तिथे सहकारी तिला ‘भोपाळची हिंदीवाली’ म्हणतात, आणि तिचे तिला काही वाटत नाही.

काका २०१३ मध्ये गेले. काकू त्यानंतर चार वर्षांनी. घर मुलाकडे आहे, त्याने खाली स्वतःला ठेवून वरचा मजला भाड्याने दिला आहे. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी तीन मुले तिथे राहतात. गेल्या दिवाळीत फोनवर बोलताना मी सहज विचारले, कुठली मुले? “पांढुर्ण्याची,” तो म्हणाला. “आपापसात मराठीच बोलतात. बाबा असते तर खुश झाले असते.” पांढुर्णा आणि सौंसर हा छिंदवाड्याकडचा मराठी बोलणारा पट्टा, १९५६ मध्ये सीमा आखताना मध्य प्रदेशातच राहिला, आणि २०२३ मध्ये पांढुर्ण्याचा वेगळा जिल्हाही झाला. या मुलांचे आजोबा कुठेच गेले नव्हते. आता नातवंडे भोपाळला आली आहेत, आणि वर्षा-दोन वर्षांत निकाल लागला की परत जाणार आहेत म्हणे. भाडेकरार अकरा महिन्यांचा आहे. दोनदा वाढवून झाला.